डबा म्हणतो, टाकी भरलेली आहे

टेकडीवरच्या टॉवरला नवा डबा बसला आणि टॉवरवाल्याच्या घरात बोलणं कमी, भांड्यांची आदळआपट जास्त असं सुरू झालं.

डबा दिसायला साधाच. करडा, शाळेच्या दप्तराएवढा, जनरेटरशेजारच्या खांबावर बोल्ट मारून आवळलेला. त्याच्या डोक्यातून वायरींचा झुपका निघायचा. त्यातली एक डिझेलच्या टाकीत गेली होती, एक कुंपणाच्या दाराच्या कडीला, एक बॅटऱ्यांच्या कपाटात. टाकीत डिझेल किती आहे, दार कोणी उघडलं, बॅटऱ्या किती तापल्या, हे सगळं तो लांब शहरातल्या कंट्रोल रूमला परस्पर कळवायचा. म्हणजे इतकी वर्षं टॉवरवाला जे फोन करून सांगत होता, तेच. "ह्याला पगार लागत नाही आणि हा सुट्टी मागत नाही," असं ठेकेदार हसत हसत म्हणाला तेव्हा टॉवरवालाही हसला होता. टेकडी उतरता उतरता त्याला त्या विनोदाचा अर्थ लागला.

ठेकेदारानं पुढे स्पष्टच सांगितलं. हा उन्हाळा काढ, मग रोज राखण करायला माणूस नको. टाकी रिकामी होत आली की डबा सांगेल, तेव्हा हमाल लावून भरून घेऊ. तोवर एक नियम पाळायचा, आपल्या मनानं टाकीला हात लावायचा नाही. डबा सांगेल तेव्हाच भरायचं.

टेकडीवर गाडी चढत नव्हती. डिझेलचे कॅन पायथ्याशी उतरायचे आणि तिथून टॉवरवाल्याच्या खांद्यावरून वर जायचे. कॅनच्या कडेनं त्याच्या खांद्याला घट्टा पडला होता. साबण कितीही चोळला तरी अंगाचा वास जायचा नाही. "तुम्ही घरात शिरायच्या आधी तुमचा वास शिरतो," असं बायको म्हणायची. पण टॉवर बंद पडला की आसपासच्या सगळ्या वस्त्यांचे फोन मुके होतात, आणि तो पडू द्यायचा नाही हे आपलं काम आहे, याचा त्याला मनातून चांगलाच तोरा होता. तो तोरा त्या डब्यानं एका दुपारीत उतरवला.

नेमका त्याच दिवसांत लेकीचा निकाल लागला आणि चांगला लागला. लेक उंच, सडपातळ, शेजारपाजारचे तिला अँटेनाच म्हणायचे. बापाबरोबर लहानपणापासून टेकडी चढून चढून तिचं टॉवरशी जरा जास्तच मैत्र जमलं होतं. तिला इंजिनिअरिंग करायचं होतं, आणि तेही इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन.

हे ऐकून मामा तातडीनं आला. मामाचा मुलगा शहरात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, त्यामुळे शिक्षण या विषयावर बोलायचा अधिकार मामाला आपोआप मिळाला होता.

"इलेक्ट्रॉनिक्स अँड काय?" मामानं चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे रेडिओ दुरुस्ती का?"

"नाही मामा. फोन, टॉवर, उपग्रह, चिपा. तारेशिवाय जे जे चालतं ते सगळं, आणि तारेवर चालतं त्यातलंही निम्मं."

"ते असेल गं. पण नोकरी कुठे? आमच्या ह्याच्या कंपनीत निम्मी पोरं इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलीच आहेत. चार वर्षं ते घोकलं आणि शेवटी बसली कॉम्प्युटरसमोरच. मग सरळ कॉम्प्युटरच घ्यावं. एवढा वळसा कशाला?"

"वळसा घेऊन तिथं जाता तरी येतं ना? कॉम्प्युटर शिकून टॉवरकडे यायचं म्हटलं तर जमेल का?"

"दाजी, हिची जीभ बघितलीत? टॉवरपेक्षा उंच आहे."

टॉवरवाला उंबऱ्याजवळ बसून पायातला काटा काढत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "तो डबा ज्यांनी बनवला, ते काय शिकलेले असतील?"

खोटं बोलायची लेकीला सवय नव्हती. "हेच," ती म्हणाली.

"मग विषय संपला. माझ्या पोटावर ज्यानं पाय दिला, ते शिक्षण माझ्या घरात नको. मामा म्हणतो ते कॉम्प्युटर घे, नाहीतर काहीच घेऊ नको."

चुलीपाशी बसलेल्या आईच्या हातातलं झाकण खाली आदळलं. "अहो, गाडीचा धक्का लागला म्हणून कोणी रस्ता सोडून देतं का? तुमचा राग डब्यावर आहे ना, मग डब्याशी भांडा. पोरीवर कसला काढता?"

"तू गप्प बस."

"बसते की. मी गप्प बसले की डबा बंद पडणार असेल तर आत्ता बसते."

मामाला हसू आलं, पण दाजींचा चेहरा बघून त्यानं ते चहाबरोबर गिळलं. प्रवेशाचे पर्याय फोनवरून भरायचे होते आणि मुदत जवळ येत होती. पर्याय भरताना बापाच्या फोनवर येणारा आकडा टाकावा लागणार होता, तेव्हा बापाला चोरून काही करायची सोय नव्हती. तसं तिला करायचंही नव्हतं. मला परवानगी हवी आहे, आणि ती मी मिळवणार आहे, असं तिनं मामाच्या देखत सांगून टाकलं. बाप उठून टेकडीकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या मागोमाग टेकडी चढली. अबोला होता, पण पाण्याची कळशी कोणी न्यायची हा प्रश्न होताच. ऊन असं होतं की टॉवरच्या लोखंडाला हात लावला तर चटका बसायचा. वीज पहाटेच गेलेली होती. जनरेटर धडधडत होता आणि त्या आवाजातही डब्याची किरकिर ऐकू येत होती. तापला की तो असा बारीक आवाजात ओरडायचा.

"बघ, उन्हानं ह्याचंही डोकं फिरलं," टॉवरवाला म्हणाला. अबोला मोडल्याचं त्याच्या लक्षातच आलं नाही.

त्याच्याकडे यावर जुना उपाय होता. बॅटऱ्यांचं कपाट तापलं की तो गोणपाट भिजवून त्यावर टाकायचा. घरात पाण्याच्या माठाला गुंडाळतात तसं. सगळे उन्हाळे त्यानं त्याच्यावरच काढले होते आणि कपाटाला कधी काही झालं नव्हतं. त्यानं एक पोतं कळशीत बुडवलं. लेकीनं दुसरं टोक धरलं, दोघांनी मिळून ते जरासं पिळलं आणि डब्याच्या डोक्यावरून वायरींसकट नीट गुंडाळलं. थोड्या वेळानं किरकिर थांबली. टॉवरवाल्याला बरं वाटलं. ज्या डब्यानं त्याची नोकरी खाल्ली त्यालाच तो गार करत बसला होता, पण टॉवरवरची वस्तू तापू द्यायची नाही ही त्याच्या अंगातली सवय होती. मग ते रोजचंच झालं.

पुढे एका सकाळी त्यानं टाकीत काठी घातली तेव्हा ती जेमतेम टोकाला ओली झाली. त्यानं कंट्रोल रूमला फोन लावला.

"साहेब, टाकीत काही राहिलं नाही. भरू का? खाली कॅन पडलेत."

पलीकडचा मुलगा काहीतरी खात होता. "थांबा बघतो. नाही हो, टाकी फुल दिसतेय."

"कुठे दिसतेय?"

"इथे स्क्रीनवर."

"मी टाकीपाशीच उभा आहे. रिकामी आहे."

"डबा म्हणतोय फुल आहे. डबा म्हणेल तेव्हाच भरायचं, नाहीतर हिशेबात घोळ होतो. ठेकेदाराला विचारा."

ठेकेदारानं फोन उचलला नाही. दुपारी जनरेटर दोनदा खोकला आणि थांबला. एवढी शांतता टेकडीवर बऱ्याच वर्षांत नव्हती. बॅटऱ्यांनी थोडा वेळ तग धरला, मग टॉवरच्या डोक्यावरचा लाल दिवाही गेला. टॉवरवाल्यानं आता मात्र नियम झुगारला, कॅन खांद्यावर मारला, घाम पुसत वर आणला आणि टाकीत ओतला. पण वीज अजून आलेली नव्हती, बॅटऱ्या पार बसल्या होत्या आणि जनरेटर स्वतःहून काही उठेना. त्याला उठवायचा हुकूमही आता डब्याकडूनच यायचा होता.

फोन मुके झाले आणि लोकांना तोंडं फुटली. दुकानाच्या पायरीवरून कोणीतरी ओरडलं, "काय टॉवरवाले, जाता जाता दाबलं वाटतं बटण?" दुसरा म्हणाला, "नोकरी गेली तर टॉवरही जाऊ दे, असं का?" कालपर्यंत हीच माणसं त्याच्याकडून आधी विचारून घ्यायची, की आज नेटवर्क राहील ना. तो तसाच पुढे गेला. लेक मात्र थांबली.

"बाबांनी टाकी रिकामी आहे म्हणून फोन केला होता. तुमच्यापैकी कोणी ऐकलं होतं का? मग बटण दाबताना तरी कोणी बघितलं?"

पोरीची जात आणि एवढा आवाज, असं कोणीतरी ती गेल्यावर पुटपुटलं.

तिसऱ्या दिवशी ठेकेदार आला. बरोबर शहरातून एक इंजिनिअर बाई होती, डोक्यावर पिवळं हेल्मेट, कमरेला पट्टा, नाक उन्हानं सोललेलं. तिनं पोतं उचलून बाजूला टाकलं, डब्याचे स्क्रू काढले आणि झाकण उघडलं. आतून पाणी ओघळून तिच्या बुटावर पडलं. आतली हिरवी पट्टी पांढऱ्या बुरशीनं भरली होती.

टॉवरवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. लेकीकडे बघायचीही त्याला हिंमत झाली नाही. पोत्याचं दुसरं टोक लेकीच्या हातात होतं. मोठी इलेक्ट्रॉनिक्स शिकायला निघालेली, आणि विजेच्या डब्यावर ओलं पोतं घालताना तिच्या डोक्यात साधी शंकासुद्धा आली नव्हती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ठेकेदार टॉवरवाल्याला बाजूला घेऊन गेला. बाई पत्र्याच्या सावलीत टेकली आणि बाटलीतलं पाणी प्यायली. लेक तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"ताई, आमच्या पोत्यानंच झालं ना?"

"हो," बाई म्हणाली. मग तिचा चेहरा बघून म्हणाली, "आणि नाहीही. हा डबा उलटा बसवलाय. वायरी खालून आत जायला हव्यात, म्हणजे पाणी आलं तरी निथळून जातं. ठेकेदाराच्या माणसांनी डोक्यावर भोक ठेवलं आणि भोकाला रबरही लावलं नाही. पोत्याचं पाणी आत शिरलं, म्हणून टाकी फुल दाखवत राहिला आणि मेला. नसतं पोतं घातलं तर पहिल्या पावसात मेला असता."

"ही डब्याच्या माणसांची चूक. मग हे तुम्ही सांगाल?"

"मला विचारलं तर सांगेन."

"आणि नाही विचारलं तर?"

बाईनं बाटलीचं झाकण लावलं. "मलाही नोकरी आहे गं." मग तिनंच विचारलं, "तू काय शिकतेस?"

"आता शिकणार आहे. इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन."

बाई मोठ्यानं हसली. "अरे देवा! मी तेच केलं. बघ, कुठे बसलेय."

"तुमच्याबरोबरचे बाकीचे कुठे बसलेत?"

"बरेच कॉम्प्युटरकडे गेले. एकजण दवाखान्यातली यंत्रं बनवतो. माझी एक मैत्रीण पुढे शिकली, ती आता चिपांची डिझाइनं करते, मला फोन करायला तिला वेळ नसतो. आणि मी ही अशी, ठेकेदाराच्या गाडीतून उलटे डबे बघत फिरते." तिनं बुटातलं पाणी झटकलं. "चांगल्या जागा आहेत, नाहीत असं नाही. पण पास होण्यापुरतं शिकलं की त्या मिळत नाहीत. गणित घाम काढतं. डोळ्याला न दिसणाऱ्या लाटा आणि त्यांचं कागदावर गणित. मला तिसऱ्या वर्षी कंटाळा आला, मी कसंबसं ढकललं. तो माझा दोष, विषयाचा नाही."

"म्हणजे घेऊ नको म्हणताय?"

"म्हटलं कुठे? हसले फक्त. सोपं म्हणून घेणार असशील तर घेऊ नको. आत काय चाललंय ते कळल्याशिवाय चैन पडत नसेल तर घे. मग कोण काय म्हणतं ते ऐकत बसू नको, माझंसुद्धा."

लेकीनं उघड्या डब्यात वाकून बघितलं आणि ही पट्टी कशाची, हा काळ्या किड्यासारखा तुकडा कशाचा, असं एकेक विचारत राहिली. बाईला निम्म्याच गोष्टी सांगता आल्या. उरलेल्या आपण विसरलो, हे तिनं सरळ कबूल केलं.

तिकडे ठेकेदार टॉवरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होता. त्याचा हात खांद्यावर यायची ही पहिलीच वेळ. उद्या कंपनीचे साहेब येणार आहेत, त्यांच्यासमोर म्हणायचं, रागाच्या भरात मी मुद्दाम पाणी ओतलं, चूक झाली. हात जोडायचे. साहेब दोन शब्द बोलतील, ते ऐकून घ्यायचे. मग पलीकडच्या खोऱ्यातल्या टॉवरवर राखणीला माणूस लागतोय, तिथे तुला लावतो.

संध्याकाळी जेवताना टॉवरवाल्यानं हे घरात सांगितलं. सांगताना तो ताटाकडे बघत होता.

"मुद्दाम?" लेक म्हणाली. "तुम्ही मुद्दाम केलंत? बाबा, तुम्ही त्याला लेकरासारखं गार ठेवत होता."

"बिघडला ना शेवटी? मग मुद्दाम काय आणि चुकून काय. शब्दच आहे एक."

"शब्द नाही. उद्या तुम्ही तो बोललात की जन्मभर सगळे म्हणणार, टॉवरवाल्यानं टॉवर मारला. डबा त्यांच्या माणसांनी उलटा बसवलाय. ते झाकायला त्यांना तुमचं तोंड हवंय."

"आणि घर कशावर चालवू? तुझ्या लाटांवर?" त्याचा आवाज चढला. "मी उद्या हात जोडणार आहे. आणि तू कॉम्प्युटर भरणार आहेस. ह्या डब्यांपायी आणखी शोभा नको."

"नाही भरणार."

"काय?"

"तुम्ही नाही म्हणालात तर इलेक्ट्रॉनिक्स भरणार नाही, तुमच्या पुढे जाणार नाही. पण कॉम्प्युटरही भरणार नाही. शेळ्या राखीन. आपल्या हातानं डबा मेला बाबा, तुमच्या आणि माझ्या. तो का मेला हे मला आज त्या ताईनं सांगितल्यावर कळलं. दुसऱ्यानं सांगितल्यावर कळणं मला पुरे झालं."

टॉवरवाल्यानं आईकडे बघितलं. नेहमी तोंडाळ असलेली आई आज शांतपणे म्हणाली, "हात जोडायचेच असतील तर जोडा. मी काही म्हणणार नाही. पण तुम्ही तसं बोलून आलात तर मला तुमच्याकडे वर मान करून बघता येणार नाही, एवढं सांगून ठेवते."

तो ताटावरून उठला. त्याला दोघींचाही संताप आला होता, आणि त्याहून जास्त संताप आपल्या खांद्यावर पडलेल्या त्या हाताचा आला होता.

सकाळी टेकडीवर बरीच माणसं जमली. नेटवर्क कधी येतं ते बघायला आलो असं म्हणत होती, पण खरं तर टॉवरवाला हात कसे जोडतो ते बघायचं होतं. कंपनीचे साहेब धापा टाकत चढले आणि पत्र्याच्या सावलीत रुमालानं मान पुसत उभे राहिले. इंजिनिअर बाई डब्यापाशी होती. लेक आणि आई गर्दीच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. तुम्ही येऊ नका, असं त्यानं बजावलं होतं.

"बोल रे," ठेकेदार म्हणाला. "साहेबांना वेळ नाही."

टॉवरवाल्याचे हात वर आले, अर्ध्यावर थांबले. मग त्यानं ते सदऱ्याला पुसले आणि खाली सोडले.

"पोतं मी घातलं साहेब," तो म्हणाला. "ओलं करून घातलं. रोज घातलं."

"रागानं," ठेकेदारानं आठवण केली.

"रागानं नाही. तो तापून ओरडत होता म्हणून. इथली कुठलीच वस्तू मी कधी तापू दिली नाही, ह्याला पण नाही दिली. बिघडवायचाच असता तर घण होता की माझ्याकडे."

गर्दीत कोणीतरी हसलं. ठेकेदाराचा चेहरा लाल झाला. "अरे, काय ठरलं होतं आपलं?"

"तुम्ही ठरवलं होतं. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. आणि साहेब, डबा उलटा बसलाय. भोक खाली पाहिजे ते वर आहे. पावसात हा टिकला नसता. माझ्यावर विश्वास नसला तर ह्या ताईंना विचारा."

साहेबांनी बाईकडे बघितलं. बाईनं ठेकेदाराकडे बघितलं, मग लेकीकडे. लेक तिच्यावरची नजर काढत नव्हती.

"उलटाच आहे सर," बाई म्हणाली. "रबरही नाही. मी फोटो काढलेत."

"आणि टाकी रिकामी आहे म्हणून मी फोन केला होता," टॉवरवाला म्हणाला. "तर डबा म्हणतो भरलेली आहे, असं उत्तर मिळालं."

ठेकेदार त्याच्या अंगावर धावून आला. साहेबांसमोर त्याला हात उचलता येईना, म्हणून त्यानं तोंड सोडलं. "आयुष्यभर कॅन वाहिलेस तू! उलटं आणि सुलटं मला शिकवतोस? तुला काय कळतं रे त्यातलं?"

"काही कळत नाही," टॉवरवाला म्हणाला. "कळत असतं तर पोतं घातलंच नसतं. म्हणून तर पोरीला तेच शिकायला घालतोय. ती तुमचे डबे उघडून बघेल, आणि तिला कोणी काही म्हणायला लावू शकणार नाही."

पलीकडच्या खोऱ्यातली राखण त्या क्षणी गेली, हे त्याला माहीत होतं. त्यानं दाराची किल्ली साहेबांच्या हातात दिली आणि तो टेकडी उतरायला लागला. आई त्याच्या बरोबरीनं चालत होती, मान वर करून.

नेटवर्क अजून आलं नव्हतं आणि मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. तिघंही घरी न जाता तसेच बाजारगावच्या रस्त्याला लागले. तिथे एका दुकानात कॉम्प्युटरवर पर्याय भरून द्यायचे. दुकानात शिरल्या शिरल्या दुकानदारानं नाक आक्रसलं, पण टॉवरवाला वासासकट समोरच्या खुर्चीवर ऐसपैस बसला.

"पहिला पर्याय?" दुकानदारानं विचारलं.

लेक तोंड उघडणार तेवढ्यात बाप बोलला. एकेक शब्द सुटा करून, अडखळत, पण पूर्ण. "इलेक्ट्रॉनिक्स. अँड. कम्युनिकेशन."

"दुसरा? कॉम्प्युटर टाकतो, सगळे टाकतात."

"दुसरं कॉलेज टाका. विषय तोच."

"अहो काका, मार्केट बघा जरा. तिसऱ्याला तरी?"

"तिसरं कॉलेज. विषय तोच."

लेकीनं बापाचा हात धरला. तो तिच्याकडे न बघता पडद्याकडेच बघत होता, टाकीत काठी घालताना बघायचा तसा. दुकानदार पुढच्या रकान्यावर गेला आणि पुन्हा काही विचारणार होता, पण समोरच्या तिन्ही चेहऱ्यांवरून त्याची नजर फिरली आणि त्यानं विचारायचं सोडून दिलं. सगळ्या रकान्यांत तो एकच विषय भरत गेला.